सोलापुरात गारठणारं तेल

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)

अध्यक्ष महोदय, आणि लवकर येऊन पंख्याखालच्या खुर्च्या पटकावलेले सुजाण श्रोतेहो, (हशा)

काल याच मंचावर संतवाङ्मय झालं. आज पत्रिकेत छापलंय, 'डिझेल पिकअप आणि इंजिन ऑइलचं तापमान'. पत्रिका छापणाऱ्यानं मला फोन करून खात्री करून घेतली, 'सर, हे व्याख्यानमालेचंच ना? की गॅरेजचं उद्घाटन?' (हशा) मी त्याला म्हटलं, बाबा, या गावात कवींपेक्षा पिकअप जास्त आहेत. पुढच्या रांगेतल्या कवींनी राग मानू नये.

डिझेल इंजिन चालतं कसं, हे सांगत बसत नाही. रुडॉल्फ डिझेल, त्याचं १८९७ चं आउग्सबुर्गमधलं इंजिन, १९१३ मध्ये बोटीवरून त्याचं नाहीसं होणं, हे सगळं आपण वाचलेलं आहे. आपल्याकडची किर्लोस्करांची १९४६ ची ऑइल इंजिनांची कंपनीही आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा थेट चेंबरमध्ये उतरू या. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेलं ते भांडं, जिथं ऑइल साठतं. तिथून पंप ते उचलतो, बेअरिंगांना, कॅमला, पिस्टनच्या पोटाला पोचवतो आणि ते परत खाली येतं. येताना उष्णता घेऊन येतं.

मी पस्तीसेक वर्षं डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. उन्हाळा लागला की गाडीवाले एकच प्रश्न विचारतात, 'सर, या उन्हात ऑइल किती तापत असेल हो?' साहजिक आहे. मे महिन्यात आपला पारा ४२-४३ वर. डांबर चपलेला चिकटतं. माणसाला वाटतं, आपली ही गत, तर इंजिनाची काय असेल?

आधी त्याचंच उत्तर देतो, म्हणजे पुढं मला माझं बोलता येईल. चालत्या इंजिनात तेल ९० ते ११० अंशांच्या दरम्यान असावं. बाहेर पारा अठरा अंशांनी चढला म्हणून तेल अठरा अंशांनी चढत नाही, कारण इंजिनातलं पाणी ८५-९० च्या आसपास धरून ठेवलेलं असतं आणि तेलाला पाण्याची संगत असते. आता हैदराबाद रस्त्याला दीडपट माल, वाऱ्यानं फुगलेली ताडपत्री, ऐंशीचा वेग आणि दुपारचे दोन, असं सगळं जमून आलं तर तेल १२० च्या पुढं जातं, हे मान्य. आपलं नेहमीचं १५डब्ल्यू-४० तेल १०० अंशाला जितकं दाट असतं, त्याच्या साधारण निम्मं ते १३० ला उरतं. शिवाय तापमान दर दहा अंशांनी वाढलं की तेल खराब होण्याचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. म्हणून उष्णतेला घाबरू नका असं मी म्हणत नाही. ओव्हरलोड करू नका, असं मात्र म्हणतो. (मागून आवाज : 'मग परवडत नाही सर!') परवडत नाही, माहीत आहे. बोर-पिस्टन परवडतं का, ते नंतर सांगा. (हशा)

पण विचार करा, आपली गाडी खरी भारानं चढते कुठं? सोलापूरपासून खंडाळ्यापर्यंतचा निव्वळ चढ दोनशे मीटरच्या आत आहे. वाशीच्या बाजाराला माल नेताना आपण बोरघाट उतरतो. चढायची वेळ येते ती रिकामी गाडी आणि भरलेला खिसा घेऊन. (हशा) खिसा रिकामा असला तरी चढ तेवढाच. अमेरिकेत लोक पिकअपच्या मागं बोट बांधून डोंगर चढतात, म्हणून तिथल्या काही गाड्यांच्या डॅशबोर्डवर तेलाच्या तापमानाचा वेगळा काटा असतो. आपल्या गाड्यांना तो नसतो. आपल्याकडं काटा असेल तर तो पाण्याचा. तेलाचा जो लाल दिवा आहे तो दाबाचा, तापमानाचा नव्हे. अनेक नव्या गाड्यांत तर पाण्याचा काटाही मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. पाणी थोडं खालीवर झालं तरी तो मध्यावर बसून राहतो. त्यामुळं तेल किती तापलंय हे आपल्याला कुणीच सांगत नाही. आणि ते तापलेलंच नाही, हे तर कुणाच्या मनातसुद्धा येत नाही.

आता मी माझ्या मुद्द्यावर आलो. सोलापुरात इंजिन ऑइल उन्हानं मरत नाही. ते गारठून मरतं.

(हशा) हसा. मला सवय आहे.

आपल्या पिकअप दिवसभर करतात काय ते बघा. पहाटे दुधाचे कॅन, या गल्लीत दोन, त्या गल्लीत चार. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे उचलायचे, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला टाकायचे, इंजिन बंद, चहा, हमाल येईपर्यंत वाट. कांद्याच्या दिवसांत मार्केट यार्डाबाहेर जानेवारीच्या रात्रीची रांग. दहा मीटर पुढं सरकायचं, बंद करायचं, पुन्हा स्टार्टर मारायचा. पाणी लवकर तापतं, तेलाला त्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो. काटा मध्यावर आला की ड्रायव्हर म्हणतो, गाडी गरम झाली. तेल अजून साठीत असतं. माझ्यासारखं. (हशा)

यात बिघडतं काय? एक लिटर डिझेल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. (कुजबुज) होय, एकाला एक. डिझेलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतो, दुसरं काय होणार? त्यातलं बहुतेक वाफेच्या रूपानं सायलेन्सरमधून जातं. थोडं पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये येतं. तेल शंभराच्या आसपास असेल तर ती वाफ टिकत नाही, ब्रीदरच्या नळीनं निघून जाते. तेल साठ-पासष्टला असेल तर तिथंच तिचं पाणी होतं. आपल्या घरातली कडक भाकरी महिनाभर का टिकते? तिच्यातलं पाणी तव्यावर आणि नंतर धगीला पुरतं घालवलेलं असतं म्हणून. तेलातलंही पाणी असंच घालवावं लागतं, आणि ते रोजच्या रोज. नाही घालवलं की ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट, दुधाळ थर जमतो. मेकॅनिक लगेच म्हणतो, 'हेड गॅस्केट गेलं.' कधी गेलेलंही असतं. पण थंडीच्या दिवसांत गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचं झाकण दुधाळ दिसलं, तर हेड उतरवण्याआधी गाडी एकदा मोहोळपर्यंत नेऊन आणा.

आणि आता ते पाप, ज्यासाठी मी खरा इथं आलो. थर्मोस्टॅट.

इथं बसलेल्या किती जणांच्या गाडीतला थर्मोस्टॅट काढून टाकलेला आहे? हात वर करा. लाजू नका... अध्यक्षांनी पण हात वर केलाय. (प्रचंड हशा)

पितळेची डबी, आत मेण. पाणी ८२-८५ ला पोचलं की मेण फुगतं, झडप उघडते, पाणी रेडिएटरकडं जातं. तोवर पाणी इंजिनातच फिरतं, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. आपल्याकडं समज असा, की ही थंड देशांतली वस्तू, आपल्या उन्हाला कशाला हवी? मार्च आला की 'वॉल काढून टाक'. मग पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरतं, काटा खाली झोपतो आणि मालक खूश. मी कुठल्या मिस्त्रीवर टीका करत नाही. गावातले निम्मे मिस्त्री माझेच विद्यार्थी आहेत, आणि तीन तर समोरच बसलेत. ते खाली बघतायत. (हशा)

हा गारव्याचा सोस जुना आहे. माझ्या मामांची गोष्ट सांगतो, लांबवत नाही. बार्शी तालुक्यात त्यांची शेती. बहात्तरच्या दुष्काळानंतर विहीर खोल केली आणि ऑइल इंजिन बसवलं. त्या इंजिनांना रेडिएटर नव्हता. पंपाच्याच पाण्याची एक बारीक नळी इंजिनातून फिरवायची आणि पाणी पाटात सोडायचं. नळीला एक कॉक. मामांनी तो कॉक सताड उघडा ठेवलेला. विहिरीचं गार पाणी धो धो इंजिनातून जायचं. पाहुणा आला की मामा त्याला आधी इंजिनापाशी नेत आणि चालत्या इंजिनाच्या हेडवर त्याचा हात ठेवायला लावत. 'बघा पावणं, कसं गारेगार!' गावात दुसऱ्या कुणाचं इंजिन एवढं गार नव्हतं. आणि दुसऱ्या कुणाचं इंजिन दर हंगामाला बोर करायलाही जात नव्हतं. पण या दोन गोष्टींचा संबंध मामांना कधी दिसला नाही.

बार्शीहून एक म्हातारे फिटर येत. शब्द कमी, विडी जास्त. त्यांनी ऑइल सोडलं, बोटांत चोळलं, वास घेतला. तेलात पाणीही होतं आणि न जळलेलं डिझेलही. गार सिलिंडरमध्ये डिझेल पुरतं जळत नाही, भिंतीवरून ओघळून खाली येतं. शिवाय त्या काळच्या डिझेलमध्ये गंधक भरपूर असे. गंधक, पाणी आणि गार भिंत एकत्र आली की आम्लच तयार होतं. फिटरांनी काही समजावलं नाही. नुसता कॉक आवळला, इतका की बाहेर पडणाऱ्या पाण्याचा हाताला चटका बसावा. मामा उभ्या उभ्या हादरले. फिटर पांदीला लागले की मामांनी कॉक पूर्ववत. पुढच्या खेपेला फिटरांनी पुन्हा आवळला, मामांनी पुन्हा सोडला. असं चाललं, आणि एक दिवस फिटर कॉकची मूठच काढून खिशात घालून बार्शीला निघून गेले! (हशा, टाळ्या)

मामा पाना घेऊन निघाले, तर मामी आडव्या आल्या. मामींना शोध लागला होता, की पाटाच्या तोंडाशी आता दिवसभर फुकटचं कढत पाणी मिळतंय. आंघोळी, धुणी, चुलीचं सरपण वाचलं. त्यांनी मामांना सांगितलं, 'आता कॉकला हात लावाल तर याद राखा.' ते इंजिन नंतर किती वर्षं चाललं म्हणता... ही चिठ्ठी कसली? 'दहा मिनिटे.' बरं.

मामांना सोडतो. पण विहिरीवरच्या त्या कॉकचं काम आज थर्मोस्टॅट करतो, एवढं आपल्या लक्षात आलं असेल.

(श्रोत्यांतून प्रश्न : 'सर, आमची गाडी थर्मोस्टॅट असताना टेंभुर्णीजवळ उकळली. काढल्यावर परत उकळली नाही. याचं काय?')

शेवटी घेणार होतो, पण आत्ताच घेतो, नाहीतर हे गृहस्थ बसणार नाहीत. रेडिएटरमध्ये पाणी कुठलं भरता? बोअरचं ना? आपल्या बोअरचं पाणी जड. बादलीला पांढरे चट्टे पडतात, तेच रेडिएटरच्या नळ्यांत पडतात आणि थर्मोस्टॅटच्या झडपेवरही. झडप अडकली, नळ्या निम्म्या बुजल्या, गाडी उकळली. थर्मोस्टॅट काढल्यानं बुजलेल्या नळ्या उघडल्या नाहीत, त्या नुसत्या झाकल्या गेल्या. आणि पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या अंगानं बायपासची वाट बंद करतो. तो काढलात की बायपास कायमचा उघडा. मग निम्मं पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात परत. मोकळ्या रस्त्याला गाडी नको तेवढी गार, आणि भरलेल्या गाडीनं मेमध्ये जोर मारला की उलट जास्त गरम. दोन्हीकडून मार. कूलंट भरा, रेडिएटर साफ करून घ्या, रेडिएटरच्या झाकणाचं रबर बघा. ते झाकण दाब धरतं म्हणूनच पाणी शंभराला उकळत नाही. आणि नवा थर्मोस्टॅट बसवा. त्याची किंमत एका ऑइल चेंजपेक्षा कमी आहे.

(दुसरा प्रश्न : 'आता डिझेलमध्ये गंधक राहिलं कुठं?')

खरंय, चांगला प्रश्न. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं, आता गंधक दहा पीपीएम. आम्लाची भीती पुष्कळ कमी झाली. पण पाणी कुठं कमी झालं? आणि बीएस-सिक्सच्या ज्या गाड्यांना डीपीएफ आहे त्यांचं दुखणं वेगळं. डीपीएफ म्हणजे काजळीचा फिल्टर. तो जाळून साफ करायला काही गाड्यांत थोडं जादा डिझेल सिलिंडरमध्येच सोडतात. त्यातलं काही भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. गल्लीबोळात फिरणारी गाडी हे जाळणं पुरं होण्याआधीच बंद होते, मग पुन्हा सुरुवात, पुन्हा डिझेल खाली. पट्टीवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते आणि मालक म्हणतो, काय गाडी आहे, ऑइल पीत तर नाहीच, उलट देते! (हशा) वाढलेली पातळी घटलेल्या पातळीइतकीच वाईट. पट्टीचा वास घ्या.

माझ्या दोन विद्यार्थ्यांनी पट्टीच्या नळीतून थर्मोकपलची तार सोडून दुधाच्या गाड्यांचं तेल मोजलं. थर्मोस्टॅट काढलेल्या गाडीत ते सकाळच्या सगळ्या फेरीत सत्तरीलाही गेलं नाही. याचा तक्ता आणलाय, पण प्रोजेक्टर... बरोबर, प्रोजेक्टरही तापलाय. (हशा) त्यालाच काय तो ताप सोसत नाही.

पाच मिनिटांची चिठ्ठी आली. टर्बो, ऑइल कूलर, तेलाच्या ग्रेड, हे सगळं राहिलं. मामांनी खाल्लं. टर्बोचं एका वाक्यात : लांबून भरधाव आलात तर ढाब्यावर उतरताच चावी फिरवू नका, मिनिटभर इंजिन आयडलला ठेवा. टर्बोच्या शाफ्टपाशी अडकलेलं तेल तिथं जळून कोळसा होतं. तिथं मी गारव्याचीच बाजू घेईन. बघा, मी एककल्ली नाही. (हशा)

छोट्या फेऱ्या चुकणार नाहीत, तो धंदाच आहे. तेव्हा अशा गाडीचं ऑइल किलोमीटरवर बदलू नका, महिन्यांवर बदला. मॅन्युअलमध्ये खडतर वापराचं जे पान असतं ते तुमचं पान. आणि आठवड्यातून एकदा गाडी भरून अर्धा-पाऊण तास सलग पळवा. तुळजापूरला जा, देवीचं दर्शनही होईल. (टाळ्या)

अध्यक्ष घड्याळ बघतायत, आणि त्यांच्या गाडीतही थर्मोस्टॅट नाही, त्यामुळं मी जास्त ताणत नाही. उरलेले प्रश्न बाहेर पार्किंगमध्ये घेऊ. ज्यांना झाकण बघून हवंय त्यांनी गाडी चालू न करता बॉनेट उघडून ठेवा. तो थर गार इंजिनावरच नीट दिसतो. आणि कुणाकडं बॅटरी असेल तर बरोबर घ्या, तिथला दिवा गेलेला आहे.