हापसा दुरुस्त कोण करणार?

 

पाण्याचं काम करणाऱ्या आपल्या परिषदेच्या अधिवेशनात अध्यक्षानं वर्षाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे; यंदा अध्यक्ष मी आहे. नळजोडण्या वाढल्या, बोअर आणखी खोल गेले. आकडे आपल्या हातातल्या अहवालात आहेत. मला बोलायचं आहे ते बंद पडलेल्या हापशाबद्दल. बरीच वर्षं हे मनात धरून आहे, आज बोलून टाकतो.

एका सेवा क्लबाच्या अभ्यासगट देवाणघेवाणीत आम्ही काही जण केनियाला गेलो होतो. किनाऱ्यालगतच्या क्वाले भागात यजमानांनी देणग्यांतून उभी राहिलेली कामं दाखवली. शाळेच्या खोल्या, दवाखाना, पाणी. एका वाडीत हापशाच्या ओट्यावर देणगीदारांच्या नावांची पाटी होती आणि दांडा तारेनं बांधून ठेवला होता. बायका पिवळे कॅन घेऊन त्याच्यासमोरून खालच्या उघड्या विहिरीकडे चालल्या होत्या. काय बिघडलं म्हणून विचारलं, तर आतलं रबरी सील गेलेलं. मुठीत मावेल एवढी वस्तू! ती कुठं मिळते हे वाडीत कुणालाच सांगितलेलं नव्हतं, आणि पाटी लावणारे पुन्हा फिरकले नव्हते.

पुढच्या गावात पंप तोच, आफ्रिडेव्ह नावाचा. तिथल्या पाणी समितीतल्या एका बाईंनी एका पान्यानं वरचं झाकण उघडलं, सळ्या एकेक करून हातानंच सोडवत वर घेतल्या, दट्ट्या बाहेर काढला, झिजलेलं सील उतरवून नवं चढवलं आणि सगळं परत आत सोडलं. पाइप उपसावा लागला नाही. आमचा चहा होईतो पाणी सुरू.

हे इथं सोलापुरात सांगण्याला कारण आहे. १९७० च्या दशकात आपल्याकडे बिडाचे पंप गावोगाव मोडून पडले होते. एका घरापुरता केलेला पंप अख्ख्या गावानं दिवसभर हापसल्यावर टिकणार कसा? जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कामातून पोलादी पंप घडला, त्यावरून युनिसेफच्या साथीनं इंडिया मार्क टू आला आणि तो आफ्रिकेतही पोचला. दणकट पंप. पण वॉशर बदलायचा तर सगळे पाइप वर काढा; त्याला अवजारं, माणसं, गाडी लागते. दुरुस्ती गावाच्या हाती राहावी म्हणूनच १९८० च्या दशकात मलावी आणि केनियात आफ्रिडेव्ह घडवला गेला. तरीही २००९ च्या सुमाराच्या अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत तीनातला एक हापसा बंदच होता. यंत्र सोपं झालं; सुटे भाग ठेवणारं दुकान आणि हाकेसरशी येणारा मेकॅनिक यांची तजवीज राहून गेली.

दुरुस्तीसाठी गाव पैसे देत नाही, असं काल इथं ठासून सांगितलं गेलं. क्वालेतल्या त्या बाईंच्या समितीची वही मी पाहिली आहे. शाळेची रेघी वही, घरागणिक वर्गणी, पुढं सही नाहीतर अंगठा. पाणी येतं तिथं गाव पैसे देतं. हापसा तीन-तीन आठवडे बंद असेल, तर कोण कशाला देईल? केनियातच किटुईच्या क्यूसो भागात दांड्यात संदेश पाठवणारं यंत्र बसवून पाहिलं गेलं. पंप थांबला की मेकॅनिकला कळायचं. सुमारे महिनाभर रखडणारी दुरुस्ती तीन दिवसांच्या आत होऊ लागली. सौरपंपाचा आग्रह धरणाऱ्या तरुण मित्रांनाही माझा हाच प्रश्न आहे: कंट्रोलर जळाला तर कोण येणार, कुठून, आणि किती दिवसांत?

केनियाहून परतल्यावर मी त्या दोन हापशांबद्दल क्लबाला सविस्तर लिहून दिलं. छापून आलेल्या वृत्तान्तात त्यातली एक ओळ नव्हती, उद्घाटनाचे फोटो मात्र होते. याचा राग मला आजही आहे, आणि तो माझ्या लिखाणापुरता नाही. देणगीच्या अर्जात बांधकामाला रकाना असतो, पाहुण्यांच्या प्रवासाला असतो. तीन वर्षांनी पाणी येतं का, याला नसतो. परदेशातल्या गावात पाहुणे म्हणून जाऊन हार घालून घेणाऱ्यांनी जुन्या कामाचा दांडा एकदा स्वतः हापसून पाहायला हवा. ते होत नसेल तर अशा देवाणघेवाणी बंद कराव्यात, या मताचा मी आहे.

आपल्या परिषदेपुरतं एवढंच सुचवतो. प्रत्येक नव्या कामाच्या रकमेतला काही हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला राहावा, आणि सभासदांनी आपापल्या तालुक्यातल्या बंद हापशांची यादी करावी. हिस्सा किती आणि यादी कुणाकडे द्यायची, ते कार्यकारिणी ठरवील. पण ठराव याच अधिवेशनात, उद्याच्या सर्वसाधारण सभेत मांडला जावा. सूचक म्हणून माझं नाव घाला.