दारातली गांधीलमाशी

(उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधील प्रौढ साक्षरता वर्गापुढचे भाषण)



आज आपण गांधीलमाशीबद्दल बोलू. विषय लहान दिसतो. पण आपल्या वस्तीत त्यावरून मोठी भांडणे होतात. गॅलरी एक आणि बिऱ्हाडे चार. एक जण म्हणतो, पोळे जाळून टाका. दुसरी बाई म्हणते, अन् आमच्या पडद्याला आग लागली तर? तिसऱ्या घरचे आजोबा म्हणतात, राहू द्या हो, ती काय मागते तुमच्याकडे? आणि तोवर चौथ्या घरचे पोर दगड मारून मोकळे होते! मग सगळेच पळतात.

आपले गाव दाटीचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्कराची छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे बराकींच्या जागी इमारती उठल्या. २०११ च्या शिरगणतीत इथे ५ लाखांवर माणसे मोजली गेली. अशा ठिकाणी माशीला तरी वेगळे रान कुठून मिळणार? तीही आपल्याच पत्र्याखाली आणि आपल्याच छज्जाखाली घर करते. तेव्हा तिचे काय करायचे, हे एकट्याने ठरवून चालत नाही. सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून ठरवावे लागते. आणि ठरवायचे तर आधी तिची ओळख हवी.

आपण सगळ्यांनाच गांधीलमाशी म्हणतो. पण त्यांत जाती पुष्कळ. घराभोवती मुख्य तीन प्रकार दिसतात.

पहिली सडपातळ, कमरेला बारीक, तांबूस किंवा पिवळसर माशी. ती कागदाचे घर करते. खरेच कागदाचे! जुन्या लाकडाचे, झाडाच्या सालीचे तंतू ती खरवडते, तोंडात चावते, लाळेत कालवते आणि त्याच्या खोल्या बांधते. घर एका देठाला टांगलेले असते. खोल्यांची तोंडे उघडी असतात. सुरुवात एखादी माशी किंवा दोघी-तिघी करतात. पुढे पिल्ले निघतात तसे घर वाढते.

दुसरी आकाराने मोठी, काळी. पोटावर पिवळा-केशरी पट्टा. हिचे घर बहुधा पोकळीत, ढोलीत, बिळात किंवा वरून झाकलेले असते. हिच्यापासून जपून राहावे. हिच्या घराला धक्का लागला तर पुष्कळ माश्या एकदम बाहेर पडतात.

तिसरी कुंभारीण. ही एकटीच राहते. ओली माती आणून भिंतीला, खिडकीच्या कोपऱ्यात गाडग्यासारखी खोली करते. आत कोळी किंवा अळ्या आणून ठेवते, वर अंडे घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. ती घर राखत बसत नाही. धरली, चेंगरली तरच चावते. तिचे मातीचे घर नको असेल तर खुरप्याने खरवडून टाकावे. त्यात भ्यायचे काही नाही. घराला बारीक भोक पडलेले दिसले, तर आतले पिल्लू उडून गेले असे समजावे.

आता आजोबांचे म्हणणे घेऊ. ती काय मागते? खरे म्हणजे ती देते. कागदाचे घर करणारी माशी पिल्लांना अळ्या भरवते. तुमच्या तुळशीवर, मिरचीवर, डब्यात लावलेल्या वांग्यावर ज्या अळ्या पडतात, त्याच ती पकडून नेते. उंबर फोडले की आत केंबरे दिसतात ना? तीही याच कुळातली. ती नसतील तर उंबराला बी धरणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. २००८ साली कोइमतूरकडे पपईवर परदेशातून आलेला पांढरा पिठ्या ढेकूण दिसला. पुढे तो महाराष्ट्रातही पसरला. फवारे मारून तो हटेना. २०१० साली बंगळूरच्या सरकारी संस्थेने एक इवलीशी माशी परदेशातून आणवली आणि बागांत सोडली. ती गांधीलमाशीच्याच दूरच्या नात्यातली, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी. ती पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडी घालते. तिने पपई वाचवली.

म्हणून दिसली की मार, हे बरोबर नाही. पण राहू द्या म्हणजे कुठेही राहू द्या, असेही नाही. पोळे दिसले की तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, घर कुठे आहे? नळावर, जिन्यात, संडासच्या दाराशी, मुले खेळतात तिथे असेल तर ते हलवावेच लागेल. उंच छज्जाच्या टोकाला, कुणाचा हात पोचत नाही अशा जागी असेल तर राहू द्यायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न, घर केवढे आहे? पाच-सहा खोल्या आणि एकच माशी असेल, तर ती बाहेर गेलेली पाहून लांब काठीने ते पाडावे. पण पोळे माश्यांनी भरले असेल, किंवा माशी काळी मोठी असेल, तर आपण हात घालू नये. कीड मारणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवावे, किंवा अग्निशमन दलाकडे विचारावे. पैसे चार बिऱ्हाडांनी वाटून घ्यावेत. एकट्यावर भार नको.

तिसरा प्रश्न, घरात कुणाला पूर्वी माशी चावून अंगभर गांधी उठल्या होत्या का? दम लागला होता का? असेल तर त्या दारात पोळे ठेवूच नये. त्या माणसाने डॉक्टरांचा सल्लाही आधीच घेऊन ठेवावा.

जाळायचे मात्र नाव काढू नका. रॉकेलचा बोळा काठीला बांधून पेटवतात. वर विजेच्या तारा, शेजारी वाळत घातलेले कपडे, आत गॅसची टाकी. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच. दगडही मारू नका. काही जातींत एका माशीच्या विषाचा वास सुटला की बाकीच्या चवताळतात.

औषधाची डबी आणलीत तर ती वाचा. आपण अक्षरे शिकलो ती यासाठीच. शेतीच्या विषारी औषधांच्या डब्यांवर एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे पिण्याचे पाणी नव्हे! तेही विषच. असले औषध घरात, पाण्याच्या पिंपाजवळ मारू नये.

माश्या येऊच नयेत म्हणून काय करावे? पत्र्याखालची, भिंतीतली भोके बुजवावीत. कचऱ्याच्या डब्याला झाकण असावे. माशीला गोड आवडते. उसाचा रस, सरबत पिताना पेल्यात डोकावून पाहावे. आठवड्यातून एकदा छज्जाखाली नजर टाकावी. लहान घर लवकर दिसले तर काम सोपे.

आणि चावलीच तर? पळताना हात झाडू नका. आधी तिथून दूर जा, आत जाऊन दार लावा. मधमाशीचा काटा कातडीत राहतो, तो लगेच काढावा. गांधीलमाशीचा काटा बहुधा राहत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावू शकते. जागा साबणाने धुवा. गार पाण्याची घडी ठेवा. बोटाला चावली तर सूज चढण्याआधी अंगठी काढा. चुना, रॉकेल, माती लावू नका. बहुतेकांना दुखते, सुजते आणि उतरते.

पण काहींना तसे होत नाही. ओठ, जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, दम लागला, चक्कर आली, तर घरात उपाय करीत बसू नका. मिनिटे मोलाची असतात. दवाखान्यात मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन देतात, त्याने जीव वाचतो. तोंडात किंवा घशात चावली, किंवा एकदम पुष्कळ माश्या चावल्या, तरीही लगेच निघा. पुष्कळ दंशांनी मूत्रपिंडालाही इजा होते. ती एक-दोन दिवसांनी कळते. लघवी कमी झाली किंवा काळपट झाली तर पुन्हा दवाखाना गाठा. आपल्या कॅम्प नं. ३ मध्ये सरकारी मध्यवर्ती रुग्णालय आहे. गाडीसाठी १०८ लावा.

आज घरी गेल्यावर दोन कामे करा. दाराच्या आतल्या बाजूला खडूने १०८ हा आकडा मोठा लिहा. घरातल्या मुलांकडून तो वाचून घ्या. आणि शेजारच्या बिऱ्हाडाला हाक मारून गॅलरीचे छत एकत्र बघा. पोळे असले तर तीन प्रश्न विचारा आणि ठरवा. पुढच्या वर्गाला येताना कुणाच्या दारात काय निघाले आणि काय ठरले, ते चार ओळींत लिहून आणा. आपण ते सगळ्यांना वाचून दाखवू.