घराचं नॉमिनेशन केलं, स्वतःचं काय?

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात ज्येष्ठ सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



इच्छामरणावर बोलणार आहे हे नोटीस बोर्डावर वाचून दोघीतिघींनी मला लिफ्टमध्येच गाठलं. ‘अहो, आनंदाचं वर्ष आणि हा कसला विषय?’ प्रश्न रास्त आहे. पण आपण इथे राहायला आलो तेव्हा आपल्यातले बरेचजण चाळिशी-पंचेचाळिशीचे होते. त्यात पंचवीस मिळवा. हा विषय आता परक्याचा राहिलेला नाही.

मी सत्तावीस वर्षं नर्स होते, त्यातली शेवटची बारा आयसीयूत. केईएममध्ये मी नव्हते, पण या विषयावर बोलायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएममधल्या सिस्टर अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. साखळीने गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. त्या पुन्हा बोलल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या. मधली एक्केचाळीस वर्षं त्याच रुग्णालयात. नर्सेसच्या पिढ्या बदलल्या, पण त्यांना भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं थांबलं नाही.

पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की या बाईंना असं जगवत ठेवू नये. केईएमच्या सिस्टर्सनी विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा हक्क त्यांना सांभाळणाऱ्या रुग्णालयाचा, असं ठरलं. मात्र त्याच निकालात, ठरावीक परिस्थितीत आणि उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट मोकळी झाली.

मला विचाराल तर दोन्ही बाजूंचा उद्देश चांगला होता. त्यांचे हाल बघवत नाहीत म्हणणारीही बाईच होती आणि आमची अरुणा आम्ही सांभाळू म्हणणाऱ्याही बायकाच होत्या. फक्त अरुणाताईंना काय हवं होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे सावरकरांनी १९६६ मध्ये प्रायोपवेशन केलं, विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध सोडलं. पण ते दोघे आपला निर्णय स्वतः सांगू शकत होते. आयसीयूतला माणूस सांगू शकत नाही.

इथे एक फरक नीट समजून घेऊ. इंजेक्शन देऊन जीव घेणं वेगळं आणि बरं होण्याची आशाच उरली नसताना व्हेंटिलेटर काढणं वेगळं. नेदरलँड्समध्ये २००२ पासून डॉक्टरांच्या हातून मरण मागता येतं. आपल्याकडे तो गुन्हा आहे आणि मला तसा कायदा नको वाटतो. कारण आपल्याकडचे म्हातारे ‘आमचं ओझं झालंय’ असं येताजाता म्हणतात. ज्याला रोज ओझं असल्याची जाणीव करून दिली जाते, त्याची ‘इच्छा’ त्याची स्वतःचीच असते, हे कोण ठरवणार? त्यात नावावर फ्लॅट असला तर विचारूच नका.

उपचार थांबवणं म्हणजे माणसाला टाकून देणं नव्हे. वेदना कमी करायचं औषध, स्वच्छता, ओठ ओले करणं, हात हातात धरणं हे शेवटपर्यंत चालूच राहतं.

आता घरातलं सांगते. माझ्या सासूबाई एकदा मेथी निवडताना म्हणाल्या, ‘सूनबाई, मला त्या नळ्याबिळ्या लावू देऊ नकोस गं.’ मी म्हटलं, ‘काहीतरीच काय बोलता आई!’ आणि विषय बदलला. चार वर्षांनी त्यांना मेंदूचा झटका आला आणि नळ्या लागल्या. डॉक्टरांनी आशा नसल्याचं सांगितलं. दीर म्हणाले, काही कमी पडू देऊ नका. नणंद रडत होती. आईंचं ते वाक्य फक्त मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. सून म्हणून ते बोलले असते तर सगळ्यांनी एकच अर्थ काढला असता, हिला सुटका हवीय. एकोणीस दिवसांनी त्या गेल्या, हात पलंगाला बांधलेले होते. नर्स असून मी तोंड उघडलं नाही, हे मला अजून सलतं. त्यांच्या हातचा एक कागद असता तर मला बोलता आलं असतं.

तो कागद आता करता येतो. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने लिव्हिंग विलला मान्यता दिली. सन्मानाने मरणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागत असे, २०२३ मध्ये ती अट गेली. आता सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाने स्वेच्छेने लिहायचं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं त्यात घालायची. मत बदललं तर केव्हाही लेखी रद्द करता येतं.

नुसता कागद दाखवला की मशीन बंद, असंही नाही. आधी रुग्णालयाचं तीन डॉक्टरांचं मंडळ तपासतं, मग तीन डॉक्टरांचं दुसरं मंडळ, त्यातला एक जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला. तुम्ही नावं दिलेल्या माणसांची संमती लागते, मॅजिस्ट्रेटलाही कळवावं लागतं. घाईला आणि लबाडीला लगाम बसावा म्हणूनच हे सगळं आहे.

सेक्रेटरीसाहेब दरवर्षी नोटीस लावतात, नॉमिनेशन फॉर्म भरा. आपण फ्लॅटला नॉमिनी देतो, बँकेला देतो, विम्याला देतो. फक्त आपल्या देहाबद्दल कोण बोलणार, ते सांगायचं राहून जातं. फ्लॅटचा नॉमिनी आणि हा माणूस एकच असला पाहिजे असं नाही. जो तुमचं म्हणणं चारचौघांत न घाबरता सांगेल, त्याचं नाव घाला.

‘शेवटपर्यंत सगळे उपचार करा’ अशी तुमची इच्छा असेल तर तीही तितकीच खरी. तीही सांगा. फक्त कुणी पुढे केला म्हणून कागदावर सही करू नका आणि कुणाला करायला लावू नका.

आज घरी गेल्यावर जेवताना विषय काढा. मुलं म्हणतील, ‘काहीतरीच काय बोलता!’ तेव्हा मी केलं तसं होऊ देऊ नका. विषय बदलू देऊ नका.