उलट्या अक्षरांचा शब्द

आज एका मावळलेल्या शब्दाविषयी बोलायचे आहे. शब्द आहे ‘म्हो’. कानाला तो एखाद्या म्हणीचा निसटलेला तुकडा वाटेल, पण तो विजेच्या शास्त्रातला आहे. माझे शिक्षण बी.ए.पर्यंतचे, तेव्हा शास्त्र शिकवण्याचा माझा अधिकार नाही. शब्दाची गोष्ट मात्र सांगू शकतो.

तारेतून वीज जाताना जो अडथळा होतो, त्याला शाळेच्या पुस्तकात ‘रोध’ म्हणतात. तो ओहममध्ये मोजतात. गेऑर्ग ओहम हा जर्मन शाळामास्तर. कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता त्याने तारांवर प्रयोग केले आणि १८२७ साली पुस्तक लिहून आपला नियम मांडला. मायदेशात त्याचे स्वागत थंडच झाले. म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मिळायला १८५२ साल उजाडले आणि १८५४ साली तो गेला. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला त्याचे नाव दिले.

पण तार केवळ अडवत नाही, ती वाटही देते. किती वाट देते, ती तिची वाहकता. रोध १० असेल तर वाहकता एक दशांश. १८८३ साली विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिन यांनी, सुचवले की राशी उलटी आहे तर नावही उलटे घ्यावे. ओहमची रोमन अक्षरे शेवटाकडून वाचली आणि ‘म्हो’ जन्मला. त्याचे चिन्हही तसेच, ओमेगा अक्षर खाली डोके वर पाय केलेले. इंग्रज त्याचा उच्चार ‘मो’ असाच करतात. ‘म्हणून’ आणि ‘म्हातारा’ म्हणणाऱ्या आपल्या जिभेला मात्र तो सहज पेलतो.

हा शब्द पुष्कळ राबला. जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हची कामगिरी मायक्रोम्होमध्ये सांगत. मातीतले क्षार मिलिम्होमध्ये मोजत. मातीच्या अर्काची वाहकता सेंटिमीटरला ४ मिलिम्होच्या वर गेली की जमीन खारावली असे धरत. सांगली-कोल्हापूरकडच्या ऊसकरी शेतकऱ्याला ती धास्ती वेगळी सांगायला नको. आजच्या माती परीक्षणाच्या कागदावर आकडा तोच असतो, नाव मात्र सिमेन्सचे असते.

कारण १९७१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने वाहकतेच्या एककाला ‘सिमेन्स’ हे नाव दिले. गंमत अशी, की वेर्नर सिमेन्सने १८६० साली पाऱ्याच्या स्तंभावर बेतलेले एकक सुचवले होते, ते रोधाचे! ओहमपुढे ते मागे पडले आणि शंभर वर्षांनी त्याचे नाव पलीकडच्या बाजूला येऊन बसले. सन्मान योग्यच आहे. पण ‘म्हो’ उच्चारताच नाते कळत होते, तसे ‘सिमेन्स’ म्हणताना कळत नाही.

मला या शब्दाचा लळा लागला तो एका साध्या हिशेबामुळे. १० ओहमच्या दोन तारा शेजारी शेजारी जोडल्या, तर एकूण रोध २० होत नाही, ५ होतो. रोधाच्या भाषेत हे विचित्र वाटते. म्होच्या भाषेत एक दशांश अधिक एक दशांश, नुसती बेरीज. वाटा वाढल्या, अडथळा घटला.

आमच्या घरात दोन लिप्या नांदल्या. एक उजवीकडून डावीकडे जाणारी, दुसरी डावीकडून उजवीकडे. मी कविता मराठीत लिहितो, तेव्हा ‘तुम्ही, आणि मराठीत?’ असे लोक कौतुकाने विचारतात. त्या कौतुकात एक समजूत दडलेली असते, की एक भाषा दुसरीच्या आड येत असणार. ते रोध मोजत असतात. माझ्या अनुभवात दोन्ही तारा शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हींतून वीज वाहते.

शास्त्राच्या कोशातून ‘म्हो’ गेला, त्याबद्दल तक्रार नाही. पुढच्या वेळी कुणी तो प्रश्न विचारला, तर मी उत्तर म्होमध्ये देईन.