संगणकातली अडगळ कशी काढावी?



आज आपण संगणकाविषयी बोलू. संगणक आता गावाला नवा राहिलेला नाही. ग्रामपंचायतीत तो आहे. दूध संस्थेत आहे. पुष्कळांच्या घरीही आला आहे. 'गुरुजी, आमचं यंत्र भरलं, जागाच उरली नाही,' अशी तक्रार आमच्या कानी वरचेवर येते. भरलेले यंत्र मंद चालते. नवे काही ठेवू गेले तर ते घेत नाही. मग जागा कशी करायची? आणि जागा करताना हवे ते तर जाणार नाही ना?

आम्ही संगणकाचे पंडित नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि जन्मभर शाळेत काम केले. पण या कामाला पंडित लागत नाही. ज्याला घर आवरता येते, त्याला हे जमते.

संगणकाच्या पोटात एक कोठार असते. त्याला हार्ड डिस्क म्हणतात. पत्रे, हिशेब, फोटो, गाणी, सारे तिथे राहते. पहिली हार्ड डिस्क १९५६ साली अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीने काढली. तिच्यात दोन-दोन फूट रुंदीच्या ५० तबकड्या होत्या. केवढे ते धूड! पण तिच्यात अक्षरे मावत सुमारे ५० लाख. आज मोबाईलने काढलेला एखादा फोटोच तेवढी जागा खातो.

यावरून काय कळते? लिहिलेल्या मजकुराने कोठार भरत नाही. ते भरते फोटोंनी, आणि त्याहून जास्त व्हिडिओंनी. म्हणून चार पत्रे पुसून उपयोग नाही.

आता मुख्य गोष्ट ऐका. काही पुसण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: 'हे गेलं तर पुन्हा मिळेल का?' सिनेमा पुन्हा मिळतो. सातबारा पुन्हा काढता येतो. पण वारलेल्या आईचा फोटो पुन्हा मिळत नाही. हाताने भरलेला हिशेब पुन्हा मिळत नाही. जे मिळणार नाही, त्याची आधी दुसरी प्रत करावी. पेनड्राइव्हवर करावी किंवा बाहेरून जोडायच्या डिस्कवर करावी. प्रत उघडून पाहावी. नुसते नाव दिसले म्हणजे आत मजकूर आहेच असे नाही. मग ती पेटीत, कागदपत्रांबरोबर ठेवावी.

एका दूध संस्थेची गोष्ट सांगतो. गावाचे नाव कशाला घ्या! संस्थेचा संगणक भरला. लिहिणाऱ्या मुलाने घाईघाईने मोठमोठ्या फाइली शोधल्या आणि शिफ्टचे बटण धरून पुसून टाकल्या. त्यांत तीन महिन्यांचा दुधाचा हिशेब होता. कोणाचे किती लिटर, फॅट किती, देणे किती, सगळे गेले. दुसरी प्रत नव्हती. सभासदांच्या तोंडचे पाणी पळाले. शेवटी घरोघरच्या पावत्या मागवल्या. ज्या बायांनी पावत्या जपून ठेवल्या होत्या, त्यांना पै न् पै मिळाली. ज्यांच्या पावत्या चुलीत गेल्या, त्यांना अंदाजाने दिले तेवढे घ्यावे लागले. घाई कशी महाग पडते, पाहा.

आता काम कसे करायचे ते सांगतो. विंडोज असलेल्या संगणकात हे असे करावे.

पहिले, कचऱ्याची टोपली पाहा. तिला रिसायकल बिन म्हणतात. आपण पुसतो ती वस्तू आधी या टोपलीत पडते. तिथून ती परत घेता येते. पण टोपलीत आहे तोवर ती जागाही अडवते. म्हणून टोपली उघडून नीट पाहावी, मगच रिकामी करावी. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. शिफ्टचे बटण धरून पुसलेले टोपलीत पडत नाही. पेनड्राइव्हवरून पुसलेलेही टोपलीत पडत नाही.

दुसरे, तात्पुरत्या फाइली. काम करताना यंत्र स्वतःच चिटोरे टाकत असते. सेटिंग्ज उघडावे. तिथे सिस्टिम, मग स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स असे जावे. यादी दिसेल. त्यात 'डाउनलोड्स' असे नाव दिसले तर थांबा. ते चिटोरे नव्हे. तुम्ही उतरवून घेतलेले दाखले, पावत्या, फोटो तिथेच असतात. त्यापुढे खूण करू नका. आधी ते उघडून निवडून घ्या.

तिसरे, न वापरलेले प्रोग्राम. सेटिंग्जमध्ये ॲप्स असते. तिथून 'अनइन्स्टॉल' करावे. नुसता फोल्डर पुसू नये. झाड वरून तोडले तरी मुळे राहतात, तसे होते.

चौथे, मोठे व्हिडिओ. लग्नाचे, जत्रेचे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर न्यावेत. तिथे चालतात का पाहावे, मग इथले पुसावेत.

आणि कशाला हात लावू नये? 'विंडोज' आणि 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरांना. त्यांतून हाताने काही पुसायचे नाही म्हणजे नाही. ते घराचे खांब आहेत. जागा हवी म्हणून कोणी खांब काढतो का?

पडद्यावर कधी पाटी येते, 'तुमचा संगणक भरला, इथे दाबा, फुकट साफ करू.' दाबू नका. अनोळखी माणसाला आपण कोठाराची किल्ली देत नाही.

कोणी म्हणेल, 'आमचे फोटो इंटरनेटवर आहेत, इथले पुसले तर काय झालं?' जपून! पुष्कळदा दोन्ही जागा एकमेकींशी जोडलेल्या असतात. इथले पुसले की तिथलेही जाते. आधी जाणत्याला विचारावे.

इतके करून चुकून काही पुसले गेलेच, तर यंत्रात नवे काही ठेवू नका. तबकडीच्या डिस्कमध्ये पुसणे म्हणजे यादीतले नाव खोडणे. मजकूर लगेच जात नाही. त्यावर दुसरे लिहिले की जातो. म्हणून यंत्र बंद करून जाणत्याकडे न्यावे. नव्या यंत्रांत तबकडीऐवजी चिप असते. तिच्यातून गेलेले बहुधा परत येत नाही. प्रत हवी ती याचसाठी.

तर मंडळी, आज घरी जाल तेव्हा फक्त प्रत काढा. पुसायचे काम उद्या करा. अडले तर वाचनालयात या. संध्याकाळी आम्ही तिथे असतो.