लेखणीचे व्रत : दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी पत्रकारितेकडून लोककारणाकडे गेलेल्या एका थोर पुरुषाचे स्मरण करावे, असे मला वाटते. ते म्हणजे दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे.

1878 साली कुरुंदवाड येथे जन्मलेले अण्णासाहेब कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. 1899 साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. सभेच्या मुखपत्रासाठी त्यांनी लेखणी झिजविली. पुढे 'डेक्कन रयत' या इंग्रजी साप्ताहिकातून त्यांनी ब्राह्मणेतर बहुजनांची बाजू सरकारदरबारी निर्भीडपणे मांडली.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगचे ते अधीक्षक होते. तेथे भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी होता. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास तो गेला आणि परत आल्यावर स्नान करण्यास त्याने नकार दिला. अण्णासाहेबांनी त्याला बोर्डिंगमधून काढून टाकले. आज आपण प्रांजळपणे म्हटले पाहिजे की, या प्रसंगी विद्यार्थ्याचे बरोबर होते.

पुढे 1914 साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले आणि संशयाचे बोट अण्णासाहेबांकडे वळले. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून याच भाऊरावांचा अनन्वित छळ झाला. परंतु त्यांनी साक्ष दिली नाही. ज्यांनी आपल्याला बाहेर काढले, त्यांच्यासाठी सत्यावर अढळ राहणारा हा विद्यार्थी पुढे कर्मवीर म्हणून महाराष्ट्राला वंदनीय ठरला.

अण्णासाहेबांना कोल्हापूर सोडावे लागले. बेळगावी त्यांनी वकिली केली. अशा वेळी एखाद्याने ती लेखणी सूडासाठी वापरली असती. अण्णासाहेबांनी मात्र राजर्षी शाहू महाराजांचे पहिले विस्तृत इंग्रजी चरित्र लिहिले, जे 1924 साली प्रसिद्ध झाले. पुढे त्याच कोल्हापूरचे दिवाणपद त्यांनी भूषविले.

1937 साली ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. 1939 साली मुंबईत दारूबंदी लागू करताना अबकारीचे मोठे उत्पन्न सोडावे लागणार होते. ती तूट भरून काढण्यासाठी त्यांनी शहरी स्थावर मालमत्तेवर कर बसविला. धनिकांचा विरोध झाला, तरी ते डगमगले नाहीत. 1950 साली त्यांचे निधन झाले.

बंधू-भगिनींनो, क्षमापनेच्या दिवशी आपण 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतो. परंतु ज्याच्या हाती लेखणी किंवा सत्ता असते, त्याची क्षमा अधिक कसाला लागते. आपल्या संस्थेतही मतभेद होतील, कोणी दुखावले जाईल, कोणी बाजूला पडेल. अशा वेळी भाऊरावांची सत्यनिष्ठा आणि अण्णासाहेबांची निर्वैर लेखणी आठवावी. पुढील पन्नास वर्षांसाठी याहून मोलाची शिदोरी कोणती?

जय जिनेंद्र!