कलम मेलं, केस जिवंत

1946 मध्ये बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवलं ते या बंगालने. आणि याच कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना एप्रिल 2012 मध्ये अटक झाली. का? ममता बॅनर्जींवरचं व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवलं म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या पालघरला दोन मुलींना पकडलं. एकीने फेसबुकवर बंदबद्दल लिहिलं, दुसरीने नुसतं लाइक केलं.

कलम 66अ सुप्रीम कोर्टाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं. महापात्र त्यातून सुटले जानेवारी 2023 मध्ये! त्यांना निदान नोकरी होती. घरातला पहिला पदवीधर, पोलीस व्हेरिफिकेशनची वाट बघणारा, इतकी वर्षं कुठून आणणार? म्हणून आपली पोरं लिहितात आणि पुसून टाकतात. मी त्याला भित्रेपणा म्हणणार नाही.

हॅकर म्हणजे चोर नव्हे. यंत्र उघडून ते कसं चालतं हे बघणारा, आणि चारचौघांना सांगणारा. पोलीस ठाणंही यंत्रच. एफआयआर 24 तासांत वेबसाइटवर टाका, असा 2016 चा आदेश आहे. संवेदनशील गुन्हे तेवढे सोडून. तो काढा, कलमं वाचा. 66अ दिसलं तर श्रेया सिंघल निकाल पुढे ठेवा. या कलमाखाली खटले चालवू नका, हे कोर्टाला ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा बजावावं लागलं.